चाकाला न शिवता

सायकलचा वेग मोजायचा म्हटलं की आधी एक गोष्ट ठरवावी लागते. चाकाची एक फेरी पूर्ण झाली, हे कळणार कुणाला? बाकी सगळा गुणाकार-भागाकार. आर्डुइनोसारखा चिमुकला बोर्ड आणि बोटभर पडदा आता सहज मिळतो, आणि भागाकार तो निमूटपणे करतो. पण चाक आणि बोर्ड यांच्या मधे काय बसवायचं, इथे येऊन घरी स्पीडोमीटर करणारे हमखास अडतात. रीड स्विच आहे, हॉल सेन्सर आहे, प्रकाशावर चालणारा आहे, झालंच तर जुना डायनामो आहे. बुधवार पेठेतल्या एका दुकानात विचारलं, तर "सगळे चालतात साहेब, कुठला देऊ?" असं उत्तर मिळालं.

खोटं नाही ते. सगळे चालतात. पण यातला जवळजवळ एकही सायकलसाठी जन्माला आलेला नाही. कुणी टेलिफोनच्या घरचा, कुणी प्रयोगशाळेतला, कुणी मोटारींच्या वळचणीचा. दुसऱ्याची अडचण सोडवायला जन्मलेला पाहुणा आपण सायकलवर आणून बसवतो, आणि तो येताना आपल्या सवयी घेऊन येतो. म्हणून दुकानातून तीन-चार प्रकार घेऊन आलो खरा, पण डाग लावायला बसण्याआधी त्यांच्या कुळकथा वाचत बसलो. दोन आठवडे त्यात गेले. (घरच्यांचं मत: यात नवीन ते काय?)

घाई करून चालणारही नव्हतं, कारण मीटर माझ्यासाठी नव्हता. सांगलीच्या मामांची अँजिओप्लास्टी झाली, त्याला आता दोन वर्षं होतील. मामांचं वय ७६, सायकल अठ्ठावीस इंची, काळी, त्यांच्या नोकरीइतकी जुनी. डॉक्टरांनी सायकल बंद केली नाही, उलट चालवा म्हणाले. फक्त सपाटीवर, आणि वेग ताशी बाराच्या वर न्यायचा नाही. मामांचा प्रश्न रास्त होता: "अरे, पण बारा म्हणजे किती?" बाजारातल्या तयार मीटरवरचे आकडे मुंगीएवढे, ते मामांना चष्मा लावूनही धड दिसेनात. फोन हँडलला बांधायला त्यांचा ठाम नकार. तेव्हा मोठ्या आकड्यांचा, बारा ओलांडले की लाल दिवा लागेल असा मीटर करायचं ठरलं. आता असा मीटर दोन तऱ्हांनी चुकू शकतो. जास्त वेग दाखवला तर मामा हळू जातील आणि मला फोन करून वैतागतील, एवढंच. पण सेन्सरने चार फेऱ्यांतली एक गाळली, तर आकडा कमी दिसेल, दिवा लागणार नाही, आणि मामा जोर वाढवतील. सेन्सर निवडताना माझ्या डोक्यात सारखा हा दुसरा प्रकार होता.

असो. कुळकथांकडे वळू.

चाकाच्या फेऱ्या मोजायची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाचा रोमन स्थापत्यकार होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एका गाडीचं वर्णन आहे. गाडीची चाकं चार फूट व्यासाची, म्हणजे एका फेरीला (त्याच्या हिशेबाने) साडेबारा फूट. चाकाबरोबर फिरणाऱ्या नळकांड्याला एकच दात. तो दर फेरीला ४०० दातांच्या दुसऱ्या चक्राला एक दात पुढे ढकलतो. चारशे गुणिले साडेबारा, पाच हजार फूट, झाला रोमन मैल. मैल झाला की एक खडा सुटून खालच्या ब्राँझच्या भांड्यात पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. चीनमध्ये असाच एक रथ होता. त्यावर बसवलेली लाकडी बाहुली दर 'ली'ला नगारा वाजवी आणि दहा ली झाले की घंटा. सुंग राजवटीत १०२७ साली लु दाओलुंग याने त्याची रचना दरबारात सादर केली होती, दातांच्या आकड्यांसकट.

चाक न्यायची सोय नसेल तिथे माणसानेच चाक व्हायचं. १८६५ साली नैनसिंग रावत काठमांडूहून ल्हासाकडे निघाले ते सर्व्हे खात्याचे गुप्त मोजणीदार म्हणून. ठरावीक लांबीची पावलं टाकायचा त्यांनी सराव केलेला, आणि हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. पाहणाऱ्याला वाटावं यात्रेकरू नामस्मरण करतोय. सेन्सर म्हणून याहून स्वस्त, शांत आणि बॅटरी न लागणारं काही मला तरी सापडलेलं नाही.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. खडे, नगारा, मणी, सगळ्यांनी विचारलं ते "किती लांब?" एवढंच. "किती वेगाने?" हे कुणी विचारलं नाही. आपल्या भाषेतही बघा, हाकेच्या अंतरावर, दोन कोसांवर, एका मजलेवर. अंतरांना किती नावं! वेगाला मात्र नुसते वारा आणि बाण. वेगासाठी फेरीइतकंच घड्याळही लागतं, आणि तेही चाकाशेजारी, चालत्या गाडीत, दर क्षणाला बघता येईल असं.

त्यामुळे सायकल आली, वेगाचं वेड आलं, तरी वेग सायकलवर मोजला जात नव्हता. ३० जून १८९९ रोजी चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन सायकलपटूने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आगगाडीच्या डब्यामागे सायकल पळवली. रुळांच्या मधे फळ्या अंथरल्या होत्या आणि वारा अडवायला डब्याला मागे आडोसा केला होता. त्याने एक मैल ५७.८ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. पण हा आकडा चाकाने सांगितलेला नाही. मैल आधीच मोजून ठेवलेला होता, आणि सेकंद हातातल्या घड्याळांनी सांगितले. चाकाचा संबंधच नाही.

चाकाला खास सायकलसाठी बोलतं केलं ते कर्टिस वीडर याने. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा हा माणूस. १८९५ साली त्याने सायक्लोमीटर बाजारात आणला. अंगठ्याएवढं यंत्र पुढच्या चाकाच्या आसाजवळ, चिमट्यावर बसवायचं. चाकाच्या एका तारेला (आरा म्हणा, स्पोक म्हणा) एक खिट्टी लावायची. दर फेरीला ती खिट्टी यंत्राच्या चांदणीसारख्या चक्राला टप्पू मारते, चक्र एक घर सरकतं, आत दातेरी चाकं फिरतात, आकडे बदलतात. विट्रुव्हियसचा एक दात, तोच. फक्त खड्यांच्या जागी आकडे आले. वीडरच्या कंपनीचं पुढे १९२८ साली रूट कंपनीशी लग्न लागलं आणि वीडर-रूट नावाचे फिरत्या आकड्यांचे मीटर जगभरच्या पेट्रोल पंपांवर पोचले. पण ते वेगळं पुराण.

ह्या खिट्टीची अडचण सायकलवाल्याला लगेच कळते: टक... टक... टक. उतारावर तर टकटकटकटक. फेरी मोजायची तर फेरीला टप्पू मारायचा, आणि टप्पू म्हणजे झीज, आवाज, आणि कणभर का होईना, अडथळा. मोजणारा मोजल्या जाणाऱ्याच्या अंगाला हात लावतो आहे. पुढच्या शंभर वर्षांतले सेन्सर म्हणजे हा हात मागे घेण्याच्या धडपडी आहेत, असं मला वाचता वाचता वाटायला लागलं.

पहिली धडपड मोटारींसाठी झाली. १८२४ साली पॅरिसमध्ये आरागोच्या लक्षात आलं होतं की तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई न शिवता तिच्यामागे ओढली जाते. तांबं चुंबकाला चिकटत नाही, तरी ओढतं! फॅरडेने १८३१ नंतर त्याचं कारण सांगितलं. चुंबकासमोरून जाणाऱ्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचं चुंबकत्व उलट ढकलतं. १९०२ साली स्ट्रासबुर्गच्या (तेव्हा ते जर्मनीत होतं) ओटो शुल्त्से याने ह्याच ओढीवर वेगमापकाचं पेटंट घेतलं. चाकाकडून येणारी केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाच्या बाहेर धातूची वाटी, वाटीला स्प्रिंग आणि काटा. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी ओढली जाते, स्प्रिंग मागे खेचते, मधे कुठेतरी काटा थांबतो. यात घड्याळ नाही आणि मोजणीही नाही. भागाकार स्प्रिंगच करते! आपल्या स्कूटरींना वर्षानुवर्षं हेच यंत्र होतं, आणि चाकाजवळची केबल तुटली की काटा शून्यावर मरून पडे, हे त्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल.

शुल्त्सेचं यंत्र मला आजही सर्वांत देखणं वाटतं. पण सायकलवर ते गैर. केबल, गिअर, वाटीची ओढ हे सगळं कुणीतरी फिरवायचं असतं. मोटारीच्या इंजिनाला ते कळतही नाही, सायकलचं इंजिन मात्र जेवण करून आलेलं असतं.

डायनामोचं तर त्याहून वाईट. मामांच्या सायकलला बाटलीसारखा डायनामो अजून आहे. सहा व्होल्ट, तीन वॉट, रात्रपाळीच्या काळातला. डायनामो म्हणजे खरं तर तयार सेन्सर. त्याच्या विजेच्या लाटा चाकाच्या वेगाबरोबर वाढतात, त्या मोजल्या की झालं, शिवाय बोर्डाला वीजही मिळते. पण तीन वॉट बाहेर काढायला पायांनी त्याच्या दुपटी-तिपटीने द्यावे लागतात, कारण बाकीचे रबरावर घासण्यात जातात. रमतगमत सायकल चालवणारा म्हातारा माणूस सगळा मिळून तीसचाळीस वॉट खर्च करत असेल. म्हणजे हृदयाला जपायला लावलेलं यंत्र हृदयाच्याच कमाईतला हिस्सा खाणार. शिवाय पावसात त्याचं चाक टायरवरून घसरतं, म्हणजे फेऱ्या गाळल्या जाणार, आणि नेमका तोच मला नको असलेला प्रकार. डायनामो बाद.

प्रकाशाचा सेन्सर मी फार वेळ विचारात ठेवला नाही. जुन्या गोळीवाल्या माऊसमध्ये दाते पाडलेली चकती आणि तिच्या दोन बाजूंना दिवा आणि डोळा असतो, तोच प्रकार. टेबलावर उत्तम. सायकलवर चिखलाचा एक शिंतोडा उडाला की डोळा गेला, आणि सकाळचं तिरपं ऊन सरळ आत शिरलं तरी गेला. चाकाच्या ताराच मोजाव्यात असंही मनात आलं होतं. पुढच्या चाकाला ३२ तारा, म्हणजे एका फेरीला बत्तीस ठोके! पण तारा तिरप्या, एकमेकींना छेद देत जाणाऱ्या. सेन्सर जिथे धरावा तिथे अंतरं सारखी असतीलच असं नाही.

उरले दोघं. दोघंही चुंबक ओळखतात, दोघंही चाकाला शिवत नाहीत.

हॉल सेन्सरचा जन्म एका शंकेतून झाला. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल शिकत होता, वयाची चोवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मॅक्सवेलच्या ग्रंथात त्याने वाचलं की चुंबकाजवळ विजेची तार ठेवली, तर चुंबकाचा जोर तारेवर पडतो, आतल्या प्रवाहावर नाही. हॉलला हे पटेना. तारेतून वीज जात नसेल तर चुंबक तिला हात लावत नाही, मग जोर प्रवाहावर नाही कसा? त्याने गुरू रोलंड यांना विचारलं. त्यांनाही तीच शंका होती, त्यांनी स्वतः एक प्रयोग करूनही पाहिला होता, पण हाती काही लागलं नव्हतं. हॉललाही आधी लागलं नाही. मग रोलंड यांनी सुचवल्यावरून त्याने काचेवर चिकटवलेला सोन्याचा अतिपातळ वर्ख घेतला, त्यातून प्रवाह सोडला, जबर चुंबकात धरला. वर्खाच्या दोन कडांमधे, प्रवाहाच्या आडव्या दिशेला, इवलासा दाब दिसला. काटा हलला. प्रवाह खरंच एका कडेला ढकलला जात होता. मॅक्सवेल त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला, हॉलचा प्रयोग त्याच्या अगदी काही दिवस आधीचा. आपलं वाक्य खोडलं गेल्याचं त्याच्या कानावर गेलं नसणार.

हॉलचा परिणाम मग बरीच दशकं पुस्तकातच राहिला, कारण धातूत तो फारच क्षीण असतो. अर्धवाहक आले तेव्हा त्याला आवाज फुटला. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत हनीवेल कंपनीच्या एका शाखेने सिलिकॉनच्या एकाच चकत्यावर हॉलचा सेन्सर आणि त्याचा आवाज वाढवणारं मंडळ बसवलं, तेही कशासाठी, तर संगणकाच्या कीबोर्डसाठी. कळ दाबली की चुंबक खाली येतो, धातूला धातू लागतच नाही, म्हणून झीज नाही. आज ई-बाइकच्या मोटारीत हेच सेन्सर बसलेले असतात. ठोका स्वच्छ, थरथर नाही, सेकंदाला हजारो वेळा मोजतील.

पण सोन्याच्या वर्खात प्रवाह वाहत असेल तरच चुंबक त्याला ढकलणार ना? हॉलच्या घराण्याची ही सवय सुटत नाही. चुंबक येवो न येवो, त्याला अखंड वीज पाजावी लागते. दुकानात मिळणाऱ्या साध्या हॉल सेन्सरला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि तो काही मिलिअँपिअर पितो. तयार सायकल मीटरमध्ये नाण्यासारखी बॅटरी असते, ती तीन व्होल्टची आणि साधारण २२० मिलिअँपिअर-तास साठवणारी. मुळात व्होल्टच पुरत नाहीत. पुरले असते, तरी पाच मिलिअँपिअरच्या हिशेबाने ४४ तासांत खेळ खलास. सायकल घरात उभी असली तरीही.

यावर उपाय म्हणून कमी वीज पिणारे हॉल सेन्सर निघाले आहेत, आणि इथे खरी मेख आहे. त्यांतले काही झोपतात. सेकंदाला वीस-बावीस वेळा डोळा उघडतात, बघतात, परत झोपतात. फ्रीजचं दार उघडं आहे का हे बघायला पुरेसं आहे ते. सायकलचं गणित करू. ताशी बाराच्या वेगाला मामांचं चाक सेकंदाला दीड फेरी करतं. आसापासून वीतभर अंतरावर, तारेला लावलेला चुंबक सेन्सरच्या दोनेक सेंटिमीटरच्या टापूतून जायला सेकंदाचा शंभरावा भाग घेतो. सेन्सर डोळा उघडतो दर पंचेचाळीस हजारांश सेकंदांनी. म्हणजे चारपैकी तीन फेऱ्या त्याच्या झोपेत निघून जाणार! मीटरवर आकडा दिसेल तीन नाही तर चार, आणि मामा म्हणतील अरे हा तर वेळ आहे वाढवायला. कागदावर तो सेन्सर सगळ्यात उजवा होता, वीज जवळजवळ शून्य, आकार तांदळाएवढा.

आता रीड स्विच. १९३६ च्या सुमारास वॉल्टर एलवूड याने बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत तो केला, पेटंट १९४१ चं. लोखंडी जातीच्या दोन चपट्या पात्या, टोकं एकमेकांवर येतील पण मधे केसाएवढी फट, आणि हे सगळं काचेच्या नळीत, आत निष्क्रिय वायू भरून, दोन्ही तोंडं वितळवून बंद. चुंबक जवळ आला की पात्यांची टोकं एकमेकांना चिकटतात, लांब गेला की सुटतात. बस्स.

काच कशाला? हे मी मामांकडून शिकलो. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, उभी नोकरी एक्स्चेंजमध्ये. खुल्या रिलेंच्या रांगाच्या रांगा, आणि अर्धा वेळ त्यांचे संपर्क साफ करण्यात जायचा. संपर्कावर धुळीचा कण बसला की कुणाचा तरी फोन मुका. मी रीड स्विचची नळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली, कानाशी नेऊन चुंबक फिरवला, अगदी बारीक टिक् ऐकली, आणि म्हणाले, "धूळ आत गेलीच नाही तर झाडायची कशाला! हे आम्हाला का नाही दिलं कुणी?" अमेरिकेत दिलं होतं. १९६५ साली न्यू जर्सीत सुरू झालेल्या संगणकावर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ह्याच जातीच्या काचबंद संपर्कांनी संभाषणं जोडली जात होती. आपल्याकडे मामा तेव्हा शाळेत होते, आणि पुढे त्यांच्या वाट्याला आली ती धूळ.

म्हणजे रीड स्विचचा जन्मच धुळीविरुद्ध झाला, आणि टेलिफोनसारख्या ठिकाणी, जिथे हजारो संपर्क रात्रंदिवस नुसते वाट बघत उभे असतात. वाट बघायला त्याला वीज लागत नाही. १९८० च्या दशकात सायकलचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हा अव्होसेटसारख्या कंपनीने हबमध्ये अनेक ध्रुवांचं चुंबकी कडं आणि चिमट्याला तारेचं वेटोळं असा वेगळा मार्ग काढला होता, एका फेरीला अनेक ठोके देणारा, आणि तांत्रिकदृष्ट्या तो फार सुबक होता. पण स्वस्त मीटरांत शेवटी सर्रास रीड स्विचच बसला. तारेला एक चुंबक, चिमट्याला एक काचेची नळी, प्लास्टिकच्या डबीत. नाण्याएवढी बॅटरी महिनोन् महिने पुरते ती यामुळे.

गंमत अशी की हा शिवाशीव टाळणारा सेन्सर आत मात्र शिवतोच! धातूला धातू लागतो, वीडरच्या खिट्टीसारखाच. फक्त तो स्पर्श काचेच्या आत नेऊन ठेवला आहे आणि त्याला हलवतंय लांबून कुणीतरी. त्यामुळे खिट्टीचे दोष सूक्ष्म रूपात त्याच्यातही आहेत. पाती एकदम चिकटत नाही, चेंडूसारखी दोन-चारदा उडते, आणि बोर्डाला एका फेरीचे चार ठोके ऐकू येतात. यावर उपाय सोपा आहे. एक ठोका ऐकल्यावर पुढचे वीस हजारांश सेकंद कान बंद. ताशी ऐंशीच्या वेगालाही एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेव्हा खरी फेरी हुकायची भीती नाही. झिजेचं म्हणाल तर दहा हजार किलोमीटरला साधारण पंचेचाळीस लाख वेळा पाती चिकटेल, आणि इतक्या कमी विजेवर असले स्विच कोट्यवधी वेळा चालतात.

दुसरी खोड मात्र मजेदार आहे. चुंबकाचा ध्रुव नळीच्या बरोबर मध्याकडे रोखला, तर दोन्ही पात्यांना सारखंच चुंबकत्व मिळतं आणि त्या चिकटतच नाहीत. थोडं एका टोकाकडे सरकवलं की लगेच टिक्. तयार मीटरच्या सेन्सरवर एक बारीक रेघ कोरलेली असते, चुंबक इथून जाऊ द्या म्हणून, आणि ती बहुधा मधोमध नसून टोकाकडे असते, त्याचं कारण हे. चुंबक नळीच्या लांबीने सरकत गेला तर आणखी गंमत: एका टोकाला चिकटणार, मध्यावर सुटणार, दुसऱ्या टोकाला पुन्हा चिकटणार, आणि मीटर दुप्पट वेग दाखवणार. म्हणून नळी अशी बांधायची की चुंबक तिला आडवा छेदून, टोकाजवळून जाईल.

तर, रीड स्विच. निर्णय झाला तेव्हा मामांनी एकच शंका काढली, "लोहचुंबक चाकाला धरून तर नाही ना ठेवणार?" नाही. जवळ येताना पात्या चुंबकाला जेवढं ओढतात, जवळजवळ तेवढंच लांब जाताना मागे खेचतात, जमाखर्च सारखा. राहिलं ते चुंबकाचं दोन-चार ग्रॅम वजन.

मोजायची पद्धतही सेन्सरइतकीच महत्त्वाची, आणि इथे पुन्हा "किती" की "किती वेळात" हा जुना प्रश्न येतो. दर सेकंदाला किती ठोके पडले हे मोजलं, तर एक ठोका म्हणजे ताशी आठ किलोमीटर. मीटरवर आठ दिसेल नाही तर सोळा, मधलं काही नाही. ज्याची मर्यादा बारा आहे त्याला याचा काय उपयोग? म्हणून दोन ठोक्यांमधला वेळ मोजायचा. ०.६६ सेकंद म्हणजे बारा. त्याहून कमी वेळ लागला की लाल दिवा. ठोका गाळला गेला तर मधला वेळ एकदम दुप्पट होतो. सायकल इतकी अचानक निम्म्या वेगावर येत नाही, तेव्हा असा आकडा दिसला की बोर्डाने तो न दाखवता आधीचाच ठेवायचा आणि पुढच्या ठोक्याची वाट बघायची. सलग तीनदा तसंच झालं तर मात्र खरंच वेग कमी झाला असं धरायचं.

जीपीएस का नाही, असं तुम्ही विचारालच. मोकळ्या रस्त्यावर जीपीएस वेग चांगला सांगतो, २ मे २००० रोजी अमेरिकेने मुद्दाम घातलेली अस्पष्टता काढून टाकली तेव्हापासून तर सगळ्यांसाठीच. पण मामांच्या रस्त्याला दाट झाडी आहे, रमतगमत वेगाला त्याचा आकडा डुलत राहतो, आणि वीज तो हॉल सेन्सरच्या कितीतरी पट पितो.

शेवटची गोष्ट कुठल्याच सेन्सरला सांगता येत नाही, ती म्हणजे चाकाचा घेर. अठ्ठावीस दीडच्या टायरचा घेर तक्त्यात २.२४ मीटर दिलेला असतो. विट्रुव्हियसलाही हा तक्त्याचा मोह पडला होता. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेबारा नसतो, १२.५७ च्या आसपास असतो. चारशे फेऱ्यांत त्याचा मैल सव्वीस फुटांनी लांबत होता. आम्ही मामांच्या अंगणात चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूची रेघ मारली, मामा सायकलवर बसले, मी कॅरिअर धरून हळूहळू ढकललं, व्हॉल्व्ह परत खाली आला तिथे दुसरी रेघ. टेपने मोजलं, तर २ मीटर २१ सेंटिमीटर. माणूस बसला की टायर दबतो, तीन सेंटिमीटर त्यात गेले. मामा म्हणाले, हवा भरून परत मोज. भरली. २.२२ आले. बोर्डात २.२२ घातलं, कारण दोघांतला जरासा जास्त वेग दाखवणारा आकडा तो, आणि मामांनी दर रविवारी हवा भरायचं कबूल केलं.